द्राक्षाची काडी आणि वाणाची मालकी

वेलीवर अकस्मात निराळी फुटलेली फांदी कवठे महांकाळकडील बागाईतदारांस अपरिचित नाही. एखादीचे मणी लांबट होतात, एखादीचा घड आधी पिकतो. 'तास-ए-गणेश' हा वाण अशाच निवडीतून, थॉम्पसन सीडलेसपासून, शेजारच्या तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे वसंतराव आर्वे यांनी काढिला. द्राक्षाची काडी मूळ वेलीचे गुण जसेच्या तसे घेऊन येते. म्हणून काडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की वाणही गेला. ही रीत उदार खरी, परंतु शोधकाच्या पदरी तीत नावापलीकडे काय पडणार?

'वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क' या २००१ सालच्या कायद्याने याचा विचार केला आहे. वाण इतरांहून स्पष्ट भिन्न, एकरूप व स्थिर असल्यास त्याची नोंदणी होते. वृक्ष व वेलींस १८ वर्षे, इतर पिकांस १५ वर्षे संरक्षण मिळते. शेतकऱ्यास फी माफ आहे. मात्र वाण 'नवा' म्हणून नोंदवावयाचा तर अर्जापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ त्याची देशात विक्री झालेली नसावी. सबब अर्ज आधी, काड्यांचा व्यापार मागाहून.

आता दुसऱ्याचा नोंदलेला वाण आपण लाविला तर? कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्यास त्याचे बी राखता, पेरता, देता-घेता व विकताही येते. फक्त नोंदलेल्या नावाचा छाप मारून विकता येत नाही. तरीही २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील बटाटा-उत्पादकांवर दावे लाविले. लोकक्षोभानंतर ते मागे घेतले गेले. त्या वाणाची नोंदणी २०२१ साली प्राधिकरणाने रद्द केली, तो निर्णय २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फिरविला; कलम ३९ मात्र जागचे हलले नाही. त्याचे मोल आफ्रिकेतील घाना देशाकडे पाहिले म्हणजे कळते. तेथील शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षे विरोध करूनही २०२० साली जो कायदा झाला, तो १९९१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या धर्तीचा आहे. त्या करारात राखलेल्या बियाण्याची मुभा असली तर स्वतःच्या रानापुरतीच.

बेदाण्याची गोष्ट वेगळी. 'सांगली बेदाणा' या नावास भौगोलिक मानांकन लाभले आहे, व ते कोणा एकाचे नसून प्रदेशाचे आहे. तथापि जिल्ह्यात बेदाणा केला एवढ्याने ते नाव पेटीवर छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकास चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात स्वतंत्र नोंद करावी लागते.