अण्णा पंच होते, आरोपी नव्हते

जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला, तेव्हा पोलिसांनी गिरणीवाल्या अण्णांना पंच म्हणून नेलं. पंचनाम्यावर सही करून ते घरी आले. सकाळी जिल्ह्याच्या दैनिकात पकडलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव! आमच्या पेठेच्या भिशीचे पैसे या माणसाकडे असतात. दुपारपर्यंत लोक ते परत मागायला गिरणीवर येऊ लागले. अण्णांनी शटर ओढून घेतलं, म्हणून दैनिकाच्या कार्यालयात मी गेलो.

"तुम्ही त्यांचे कोण?" परिचित म्हटल्यावर बातमीदाराने मान वर केली नाही. "पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव होतं. तपासून बघतो. आणि लोक चार दिवसांत विसरतात हो." प्रेसनोट दाखवा म्हटलं, तर ती सापडेना.

रात्री मुलाने मोबाइलवर तीच बातमी उघडली. अण्णांचं नाव गायब! दुरुस्ती केल्याची एक ओळसुद्धा नाही. म्हणजे चूक यांना कळली होती, पटलीही होती. वेबसाइटवरून गुपचूप नाव काढलं आणि सगळ्या पेठेने वाचलेल्या छापील अंकात मात्र अवाक्षर नाही. चूक मी समजू शकतो. ही लबाडी होती, आणि तिचा संताप अजून जात नाही.

म्हणून सांगतो, कुणावर ही वेळ आली तर आधी छापील अंक विकत घ्या, वेबसाइटवरच्या बातमीचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढा, मगच तोंड उघडा. बातमीदाराशी हुज्जत घालू नका. अंकात तळाशी बारीक अक्षरात संपादकाचं नाव असतं. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्याची. पत्र त्याच्याच नावे, स्पीड पोस्टाने पाठवा. सही ज्याची बदनामी झाली त्याचीच हवी. परिचिताला हे लोक दारातूनच वाटेला लावतात. सोबत एफआयआरची प्रत जोडा, बहुतेक गुन्ह्यांची ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. 'खुलासा करावा' असं मोघम लिहू नका, छापायचं वाक्यच लिहून द्या. नाहीतर आमच्यासारखं होतं: ७ व्या पानावर, निविदांच्या खाली, "नजरचुकीने एक नाव प्रसिद्ध झाले." कुणाचं? कशात? काही नाही!

दाद मागायला प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया आहे. दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी छापल्यापासून २ महिन्यांच्या आत करावी लागते, त्याआधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं, आणि मराठी कात्रणाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. कौन्सिल दंड करत नाही, ताकीद देते, ताशेरे ओढते. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत १ वर्ष. वकिलाला वेळेत भेटा. कागद नीट ठेवा, धीर सोडू नका.

दुसऱ्या पत्रात कौन्सिलचा उल्लेख केला, तेव्हा कुठे नावानिशी खुलासा आला. त्यात दिलगिरीचा शब्द नाही, आणि ई-पेपरमध्ये जुनं पान जसंच्या तसं आहे. त्याबद्दलच्या तक्रारीवर अण्णांनी कालच सही केली. भाषांतर झालं की दिल्लीला धाडतो.