कार्ड पुसण्याची घाई नको

चि. मृणाल,


कॅमेऱ्यातले फोटो उबुंटूवर घेताना 'कट-पेस्ट' करू नकोस, नेहमी 'कॉपी'च कर. कट केलं की फोटो नुसता जागा बदलतो असं वाटतं. पण कार्ड आणि हार्ड डिस्क वेगवेगळ्या असल्यामुळे लिनक्सला आधी प्रत करावी लागते आणि मग मूळ फाइल पुसावी लागते. शिवाय ती प्रत लगेच डिस्कवर जातेच असं नाही. आधी ती रॅममध्ये थांबते आणि कधी कधी अर्ध्या मिनिटानेसुद्धा डिस्कवर उतरते. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली तरी काम संपलेलं नसतं. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर कार्डावरची फाइल पुसलेली आणि डिस्कवरची अर्धवट, अशी गत होऊ शकते.

म्हणून प्रत करणं आणि पुसणं ही दोन कामं वेगळी ठेव आणि मधे पडताळणी कर. टर्मिनलमध्ये 'सिंक' ही आज्ञा दे, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरेल. मग 'डिफ' या आज्ञेला 'आर' हा पर्याय आणि कार्डावरचा व डिस्कवरचा असे दोन फोल्डर दे. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला, तर दोन्हीकडचा मजकूर तंतोतंत सारखा आहे. दर वेळी तारखेचा नवा फोल्डर मात्र हवाच. कॅमेऱ्याचे आकडे 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरू होतात; सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलंस आणि 'रिप्लेस'वर बोट पडलं, तर नव्या फोटोखाली जुना कायमचा जाईल.

तू म्हणशील, डिजिकॅम या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उतरवून लगेच पुसायची सोय आहे, मग एवढा खटाटोप कशाला? डिजिकॅम उत्तम आहे, जरूर वापर. फक्त पुसायचा पर्याय घेऊ नकोस. तुझ्या डिस्कवरची प्रत शाबूत आहे की नाही, हे तू पाहिल्याशिवाय ठरत नाही. पुसलेले फोटो फोटोरेक या प्रोग्रॅमने परत मिळतात, हेही खरं. पण त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलेलं नसेल तरच, आणि तेही मूळ नावांशिवाय. कार्ड भरतं ही अडचण मला मान्य आहे. त्यावर दुसरं कार्ड घेणं हाच उपाय.

कॅमेरा केबलने जोडून फोटो उतरवायला 'जीफोटो2' ही आज्ञा चालवताना उपकरण व्यस्त असल्याचा संदेश आला, तर घाबरू नकोस. फाइल मॅनेजरने कॅमेरा आधीच ताब्यात घेतलेला असतो. तिथे तो अनमाउंट कर, पण केबल काढू नकोस. कार्ड रीडर असेल तर तोच बरा. बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत झाली, की कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथल्याच मेनूतून फॉरमॅट कर, म्हणजे कॅमेऱ्याला हवी ती फोल्डरची मांडणी तो स्वतःच करून घेईल.

तुझा,
काका