सासरच्या पूर्वजांच्या मागावर

माझं सासर मिलवॉकीचं. नवऱ्याचे पूर्वज प्रशियातल्या पोमेरानियातून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले, एवढी ऐकीव माहिती आणि खोकंभर जुने फोटो घरात होते. घरच्यांना त्यात फारसा रस नव्हता. मला मात्र नसत्या चौकशांची हौस. त्या चौकशांतून शिकलेल्या या सहा गोष्टी.

१. फोटोत चेहऱ्यापेक्षा पाठ बोलकी असते. मला तर प्रत्येक दाढीवाल्यात नवऱ्याचं नाक दिसायचं. मग एका पुठ्ठ्याच्या मागे कराचं तिकीट दिसलं, शाईची रेघ मारून रद्द केलेलं. यादवी युद्धाच्या खर्चापायी अमेरिकन सरकारने ऑगस्ट १८६४ ते ऑगस्ट १८६६, अशी दोनच वर्षं फोटोंवर कर घेतला. त्या फोटोचा काळ ठरला तो सरकारी वसुलीमुळे!

२. आडनाव दुसऱ्या कुणी बदललेलं नसतं. एलिस आयलंडच्या कारकुनाने ते बिघडवलं, ही कथा घरोघर ऐकू येते. पण स्थलांतरितांच्या तपासणीचं ते केंद्र उघडलं १८९२ साली, हे कुटुंब त्याआधीच आलेलं. आणि तिथले कारकूनही जहाजाच्या यादीवरूनच नावं ताडून पाहत. आमच्याकडे आडनावाला इंग्रजी वळण दिलं ते घरच्यांनीच, पहिल्या महायुद्धात जर्मन असणं जड जायला लागल्यावर. कारकुनावर ढकललं की तेवढं सांगावं लागत नाही.

३. जन्मगाव जागचं हलतं. एकाच माणसापुढे १८७० च्या जनगणनेत ‘प्रशिया’ आणि १९०० च्या जनगणनेत ‘जर्मनी’. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. माणूस एकदाच निघाला, देश मात्र त्याच्यामागे बदलत राहिले.

४. थेट वाट बंद झाली की शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीपायी गेले. हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या बऱ्याच शाबूत, ब्रेमेनच्या जवळजवळ नाहीत. आणि आमची मंडळी नेमकी ब्रेमेनहून निघालेली. शेवटी गावाचं नाव मिळालं ते पलीकडच्या शेतकऱ्याच्या थडग्यावर. गावंच्या गावं सोबतीने निघत, शेजारही सोबत घेऊन.

५. बायका नोंदींत नसतात, हा माझा ठाम ग्रह होता. तो आपल्याकडच्या कुलवृत्तांतांनी करून दिलेला. इथे पाद्री बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव लिहून ठेवत. ती जुनी जर्मन लिपी वाचताना मोडीपुढे बसल्यासारखी गत होते, ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरं सारखीच दिसतात. तरी नवऱ्याच्या खापरपणजीचं माहेर मी शोधलं. ‘आणि तुझ्या पणजीचं?’ असं सासूबाईंनी सहज विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

६. ‘का आले?’ हा रकाना मला मिळालेल्या कुठल्याच कागदावर नव्हता. वय, धंदा, कुठून, कुठे, सगळं विचारलेलं. कारण कुणी विचारलेलं नाही. सासूबाई म्हणतात, सक्तीची लष्करभरती चुकवायला. चुलतसासरे म्हणतात, जमीन धाकट्याच्या वाट्याला येईना म्हणून. पुरावा दोघांकडेही नाही. मी दोन्ही म्हणणी सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवली आहेत. पुढच्या पिढीत कुणी माझ्यासारखी रिकामटेकडी निघाली, तर तिलाही काही उद्योग हवा.