नोकरी नव्हती त्या महिन्यांचा पुरावा : सुरतकरांसाठी कृती

नव्या कंपनीची ऑफर आली आणि पाठोपाठ एचआरचा मेलही आला: मधल्या आठ महिन्यांत तुम्ही कुठेच नोकरीला नव्हता, याचा पुरावा पाठवा. घाबरू नका. बेकार असल्याचा तयार दाखला देणारी खिडकी आपल्याकडे नाही, आणि कुठला बेरोजगार भत्ता घेतलेला नसल्यामुळे तुमच्या नावावर तशी नोंदही नाही. तरी काम होतं. शेवटच्या नोकरीची अखेरची तारीख पक्की करायची, त्यानंतर पगार आलेला नाही हे कागदांवरून दाखवायचं, आणि त्याच तारखा शपथेवर लिहून द्यायच्या. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, कुठेही राहत असलात तरी बरंचसं काम घरबसल्या होईल. आधारला जोडलेला मोबाइल, पॅन कार्ड, पीएफचा यूएएन नंबर आणि बँकेचं पासबुक एवढं समोर ठेवा. चला.

१. एचआरला मेल करून नेमकं काय हवं ते लेखी मागवा. प्रतिज्ञापत्र हवं की पीएफचा इतिहास, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कागद कुठल्या भाषेत, हे तिन्ही विचारा. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. पडताळणी करणारी एजन्सी वेगळी असते आणि तिची यादीही वेगळी असते.

२. कोऱ्या कागदावर दोन तारखा लिहा: जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस आणि नव्या नोकरीत रुजू व्हायचा दिवस. इथून पुढे प्रत्येक कागद या दोन तारखांशी ताडून बघायचा आहे. राजीनाम्याची तारीख लिहू नका, कामाचा शेवटचा दिवस लिहा.

३. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर काढून ठेवा. मिळालंच नसेल तर जुन्या मालकाकडून लेटरहेडवर तारखांसह दोन ओळी सहीशिक्क्यानिशी लिहून आणा. पगार रोखीत घेतला असेल, मग तो हिऱ्याच्या कारखान्यात असो, लूम्सवर असो की मार्केटमध्ये, तर या दोन ओळींना सोन्याचं मोल आहे. शेठकडे सकाळी कामाच्या गर्दीत जाऊ नका. निवांत वेळ बघून जा.

४. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. प्रत्येक नोकरीसमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. सगळ्यांत खालच्या ओळीपर्यंत बघा. ठेकेदार बदलला की त्याच गेटच्या आत तुमच्या नावावर नवी नोंद झालेली असू शकते. पीएफ कधी कापलाच गेला नसेल तर सरळ सातव्या पायरीवर या.

५. सोडल्याची तारीख रिकामी असेल तर 'मॅनेज'मध्ये जाऊन 'मार्क एक्झिट'ने ती भरा. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. सचिन किंवा पांडेसरा जीआयडीसीतला ठेकेदार तारीख भरायची विसरतो, आणि कागदोपत्री तुम्ही अजून तिथे कामावरच असता! जिथून सुटलात ती नोकरी निवडा, तारीख आणि कारण भरा, आधारच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्याशिवाय ही सोय तुम्हाला मिळत नाही. तेवढा वेळ झाला नसेल तर तारीख कंपनीकडूनच भरून घ्या. दुसरं, तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली लागते, आणि एकदा भरली की तुम्हाला बदलता येत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी दुसऱ्या पायरीतला कागद पुन्हा बघा.

६. 'सर्व्हिस हिस्टरी'च्या पानाची पीडीएफ काढून ठेवा. मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात नाव आणि यूएएन एका वेळी दिसत नाहीत आणि एजन्सी तो परत पाठवते.

७. ईएसआयसी कापली जात असेल तर विमाधारकाच्या पोर्टलवरून हप्त्यांचा तपशील उतरवून घ्या. हप्ते कुठल्या महिन्यात थांबले ते त्यात दिसतं. नोकरी गेल्यावर ईएसआयसीकडून मिळणारा भत्ता, म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा लाभ, तुम्ही घेतला नसेल तरी या तपशिलाचा उपयोग होतो. अर्ज केला नाही म्हणून पुरावा नाही, असं समजू नका.

८. आयकर पोर्टलवरून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उतरवून घ्या. रिकामा काळ एप्रिलच्या अलीकडे-पलीकडे पसरला असेल तर दोन्ही आर्थिक वर्षांचं घ्या. ही फाइल पासवर्डने बंद असते: आधी पॅन लहान अक्षरांत, मग जन्मतारीख आठ आकड्यांत. एचआरला ती तशीच पाठवली तर उघडणार नाही. उघडून 'प्रिंट'मधून नवी पीडीएफ करा.

९. एआयएसमधली प्रत्येक ओळ वाचून काढा. पगार थांबला असेल, पण मधल्या महिन्यांत कमिशनवर किंवा जॉबवर्कवर कुणी टीडीएस कापला असेल तर तो इथे उघड दिसतो. तो लपवू नका, पुसायलाही जाऊ नका. बाजूला टिपून ठेवा.

१०. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून तुमच्या नावावर एखादी पेढी आहे का ते तपासा. सुरतेत ही पायरी चुकवायची नाही. मार्केटमध्ये घरातल्या कुणीतरी तुमच्या कागदांवर पेढी उघडलेली असते, तुम्ही सही करून विसरलेले असता, आणि हा शोध कुणालाही घेता येतो, एजन्सीलाही. नोंद निघाली तर आधी घरात विचारा, मग पुढच्या पायऱ्यांना हात लावा.

११. पगार ज्या खात्यात यायचा त्या खात्याचं स्टेटमेंट काढा. शेवटच्या पगाराच्या आधीच्या महिन्यापासून आजपर्यंतचं सलग घ्या. मधली पानं गाळू नका. गाळलेलं पानच पहिलं मागितलं जातं.

१२. प्रतिज्ञापत्राचा मजकूर आधी घरी लिहून काढा. टायपिस्टकडचा तयार नमुना जसाच्या तसा घेऊ नका, कारण त्यात बहुधा 'या काळात मी काहीही काम केलेले नाही' असं सरसकट वाक्य असतं. हे वाक्य तुम्हाला अडकवू शकतं. काकांच्या दुकानात बसला असाल, घरी साड्यांना लेस लावली असेल, डिलिव्हरीच्या चार फेऱ्या मारल्या असतील, तर ते काम झालंच. खरं तेच लिहा: पगारी नोकरी नव्हती, मधूनमधून हे काम केलं. अशा कामाने ऑफर सहसा जात नाही; शपथेवरच्या खोट्याने जाते, आणि तो गुन्हाही आहे. मजकूर साधारण असा ठेवा:

'मी, (संपूर्ण नाव), वय __, राहणार __, सुरत, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की, माझी शेवटची नोकरी (कंपनीचे नाव) येथे दि. __ रोजी संपली. त्यानंतर दि. __ पर्यंत मी कोणत्याही आस्थापनेत पगारी नोकरी केलेली नाही. या काळात मी (आईचे आजारपण / परीक्षेची तयारी / कामाचा शोध / घरगुती जॉबवर्क, जे खरे असेल ते) यात होतो/होते. मी कोणताही बेरोजगार भत्ता घेतलेला नाही. वरील मजकूर खरा आहे.'

रुजू व्हायची तारीख अजून पुढे असेल तर तारखेच्या दुसऱ्या रिकाम्या जागी सही करण्याच्या दिवसाची तारीख घाला. उद्याची शपथ आज घेता येत नाही.

१३. आधार, पॅन आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून नाव जुळवा. गुजरातच्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाला 'भाई' लागलेलं असतं, आडनाव आधी येतं, आणि आधारवर मात्र दोन्ही वेगळं. तसं असेल तर मजकुरात एक ओळ वाढवा: 'ही दोन्ही नावे माझीच, एकाच व्यक्तीची आहेत.' नावं जशी छापली आहेत तशीच, अक्षर न अक्षर उतरवा.

१४. मजकूर एचआरने सांगितलेल्या भाषेत टाइप करून घ्या. सुरतेतला टायपिस्ट न विचारता गुजराती सोगंदनामु काढून देतो. कंपनी पुण्याची किंवा बंगळुरूची असेल तर आधीच इंग्रजी सांगा. कागद हातात घेऊन सगळ्या तारखा मोठ्याने वाचा.

१५. प्रतिज्ञापत्रासाठी ई-स्टॅम्प घ्या. गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून जुने छापील स्टॅम्प पेपर बंद झाले आहेत, तेव्हा कुणी घरातला जुना पेपर देऊ केला तर घेऊ नका. पहिला पक्षकार म्हणून तुमचंच नाव घालायला सांगा. तिथे चूक झाली तर पैसे भरून दुसरा काढावा लागतो.

१६. नोटरीकडे जाऊन त्यांच्या समोरच सही करा. अठवालाइन्सच्या कोर्टाच्या परिसरात नोटरी सहज भेटतात. फी आधी विचारा आणि मूळ आधार सोबत न्या. घरून सही करून नेऊ नका. समोर केलेली सही म्हणूनच नोटरी शिक्का मारतात.

१७. निघण्यापूर्वी शिक्का वाचा. नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का, तारीख आणि त्यांच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक, पाचही हवेत. रजिस्टरमध्ये तुमची सही झाली का तेही बघा. एकही गोष्ट राहिली असेल तर तिथेच सांगा. दुसऱ्या दिवशी तेच नोटरी तिथे भेटतील असं नाही.

१८. 'अनुबंधम्' या गुजरात सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा. कामाचा शोध चालू आहे याचा हा जोडपुरावा. पण नोंद आजच्या तारखेची होते, मागच्या महिन्यांची नाही. म्हणून प्रतिज्ञापत्राच्या जागी ही पाठवू नका. आधीच नोंदणी केलेली असेल तर मात्र त्या पानाची प्रिंट नक्की जोडा.

१९. सगळे कागद एका पीडीएफमध्ये क्रमाने लावा: प्रतिज्ञापत्र, रिलीव्हिंग लेटर, पीएफ, ईएसआयसी, एआयएस, बँक. बँकेच्या स्टेटमेंटवर इतरांचे फोन नंबर दिसत असतील तर तेवढेच झाका. रक्कम आणि तारीख झाकू नका.

२०. एचआरच्या पहिल्या मेलला उत्तर म्हणून हीच फाइल पाठवा. नवा मेल सुरू केला तर एजन्सीला तुमची केस नंबरावरून शोधावी लागते. मेलमध्ये तीन ओळी पुरे: शेवटचा दिवस कुठला, मधला काळ कसा गेला, सोबत काय जोडलं आहे.

२१. मूळ प्रतिज्ञापत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रुजू होण्याच्या दिवशी सोबत न्या. एचआरने ठेवून घ्यायचं म्हटलं तर देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढा आणि तिच्यावर 'मूळ प्रत मिळाली' अशी सही घ्या.