बंदूक गप्प असतानाची नोकरी

चि. सुहास यास,


ताईचा फोन आला होता. तुझ्या दंडावर दोन फिती लागल्या आणि पलटण वर चढली, असं म्हणाली. वर म्हणजे कुठे, ते सांगायला लागली तेव्हा मीच तिला थांबवलं. पोस्टचं नाव, जवळचा नाला, कोण कुठल्या कंपनीत, यातलं काहीच फोनवर नको. मामाशीही नको.

"आता गोळीबार थांबलाय ना?" असं तिनं विचारलं. तिला मी हो म्हटलं. तुला एवढ्यावर सोडत नाही. १० मे २०२५ ला दोन्हीकडचे डीजीएमओ फोनवर बोलले आणि संध्याकाळी पाचपासून बंद ठरलं. त्याच्या तीनच दिवस आधी पूंछमध्ये तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्येही असंच ठरलं होतं, २००३ च्या नोव्हेंबरातही. मुळात ही रेघ १९४९ च्या कराची करारात युद्धबंदीची म्हणूनच आखली, १९७२ च्या सिमला करारानंतर ती नियंत्रण रेषा झाली. ठरतं वर, पाळायचं असतं मोर्च्यात बसलेल्या पोरांनी. आणि ती पोरं आता तुझ्या हाताखाली आहेत.

२००३ ला मी राजौरीकडे होतो. युद्धबंदी झाल्यावर दिवसाउजेडी ताठ चालत पाणी आणता यायला लागलं, आणि बिघाड तिथूनच सुरू झाला. बीपी जॅकेट बंकरात लटकून राहायला लागलं. पहाटेच्या स्टँड-टूला माणसं जांभया देत यायची. कुणी ढिला पडला की साहेब ओरडतात, तो सुधारतो. मला जास्त धास्ती दुसऱ्या प्रकारच्या जवानाची, ज्याला रात्री प्रत्येक झुडूप चालताना दिसतं. एकदा थर्मलमध्ये काहीतरी दिसलं म्हणून एका पोरानं एलएमजी कॉक केली. गार्ड कमांडरनं त्याचा हात धरला आणि एवढंच विचारलं, "काय दिसलं ते सांग. काय वाटलं ते नको." पोरगं म्हणालं, चार पायांचं काहीतरी. अस्वल होतं. तिथून फैर सुटली असती तर समोरच्या पोस्टनं उत्तर दिलं असतं, मग आपली मॉर्टर, मग त्यांची, आणि सकाळी दोन्हीकडचे लोक मान वर करून सांगत असते की आधी तुम्हीच सुरू केलं.

तो प्रश्न तू रोज विचारायचा. लॉगबुकातही तेच. 'दोन माणसं, काळे कपडे, नाल्याच्या डाव्या काठानं, दहा मिनिटं' असं लिहिलंस तर कंपनी कमांडरला काही ठरवता येतं. 'संशयास्पद हालचाल' लिहून काहीच कळत नाही, फक्त लिहिणारा मोकळा होतो. तुझे अग्निवीर फोनवर जे बघून आलेत ते वेगळं आहे. टीव्हीवर रोज रात्री नऊला युद्ध पेटतं आणि जाहिरात लागली की थांबतं. त्यांना शिव्या देऊ नकोस, पहिल्या काही रात्री त्यांच्याशेजारी बस.

गोळी न चालवणं म्हणजे कच खाणं, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या कोल्हापूरकडच्या थोरात साहेबांचं सांग. एसपीपी थोरात, बर्मात डीएसओ पदक मिळवलेला माणूस. जुलै १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली आणि मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी सांभाळायला आपली फौज गेली. तिचे कमांडर थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष आपल्या जवानांना त्यांच्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्यात एकदा कैद्यांनी आपला एक मेजर आत ओढून धरून ठेवला. थोरात स्वतः मोजक्या लोकांना घेऊन तारेच्या आत गेले आणि बोलून बोलून त्याला सोडवून आणलं. पुढे गोळी चालवावी लागली असेही प्रसंग आले. तशी वेळ तुझ्यावर आली तर हुकमाप्रमाणे चालव आणि नीट नेम धरून चालव.

आता गेटचं. आपलं कुंपण रेषेवर नाही, आपल्याच बाजूला बरंच आत आहे. त्यामुळे काही घरं, शेतं, अख्खी गावंसुद्धा कुंपणापलीकडे पण आपल्याच हद्दीत आहेत. त्या लोकांना स्वतःच्या मक्याच्या शेतात जायलाही गेट उघडायची वाट बघावी लागते, ओळखपत्र दाखवावं लागतं. झडती कडक घे, त्यात सूट नाही. पण वेळेवर उघड. गवताचा भारा पायानं उलटू नकोस. म्हातारा असेल तर "चाचा" म्हण. तुझा बाप पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी रात्रभर जागायचा, दुसऱ्याच्या हातात आपलं शेत असणं म्हणजे काय ते तुला शिकवायला नको. तुझ्याआधी कितीतरी पलटणी तिथं येऊन गेल्या, ती माणसं तिथंच आहेत. तोफा सुरू झाल्या की आधी त्यांच्या भिंती पडतात. अनोळखी माणूस नाल्यात दिसला तर तोही आधी त्यांनाच दिसतो, आणि ते तुला सांगतील की नाही हे तू गेटवर कसा वागतोस त्यावर आहे.

पाऊस आणि बर्फानं सुरुंग जागा सोडतात, तेव्हा मळलेल्या वाटेबाहेर पाऊल नको, बॉल आणायलाही नको. बंकरात बुखारी पेटती ठेवून, झरोका बुजवून झोपू नका.

आता घरचं. ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलात करायचं आहे. तिच्या डिपेंडंट कार्डावर जन्मतारीख चुकलीय आणि पार्ट टू ऑर्डर निघाल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही. हेड क्लार्कला सांग, आठवड्यानं परत सांग. आधार कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

तुझा,
मामा