गाठींत बांधलेला हिशेब

पेरू म्हटले की आपल्याला फळ आठवते. पण पेरू नावाचा एक देशही आहे. तो दक्षिण अमेरिकेत, आपल्यापासून फार दूर आहे. तिकडे अँडीज नावाचा प्रचंड पर्वत आहे. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी या पर्वतात इंका राजांचे मोठे राज्य उभे राहिले. आम्ही दोघे भाऊ-बहीण तो मुलूख हिंडून आलो. जे पाहिले, ते येथे सांगतो.

दगडांचे शहर

इंकांची राजधानी कुस्को. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. कुस्को शहर ३,४०० मीटरांवर वसले आहे. म्हणजे दुपटीहूनही उंच! तेथे हवा विरळ असते. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही सावकाश चाललो.

इंकांच्या भिंती पाहून मन थक्क होते. दगडाला दगड असा बसवला आहे की फटीत सुरीचे पाते जात नाही. मध्ये चुना नाही, माती नाही. त्या लोकांजवळ लोखंडी हत्यारे नव्हती. ओझी वाहायला गाडा नव्हता, घोडा नव्हता, बैल नव्हता. होता तो फक्त लामा. हे उंटाच्या कुळातले लहान जनावर. पाठीवर वीस-पंचवीस किलो ओझे नेते.

१९५० साली कुस्कोत मोठा भूकंप झाला. नंतरच्या काळात बांधलेल्या कितीतरी इमारती ढासळल्या. इंकांच्या जुन्या भिंती मात्र उभ्या राहिल्या.

डोंगरावरची शेती

कुस्कोजवळ पिसाक नावाचे बाजारगाव आहे. गावाच्या वर उभा डोंगर. त्या डोंगरावर इंकांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली आहेत. प्रत्येक शेताला दगडी ताल. ताल नुसता रचलेला नव्हे बरे! त्याच्या आत तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि वाळू, आणि सगळ्यांत वर सुपीक माती. पाऊस कितीही पडो, जादा पाणी खाली झिरपते. माती वाहून जात नाही. ही युक्ती शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

माचूपिच्चू हे इंकांचे नगरही असेच डोंगराच्या खांद्यावर आहे. १९११ साली एका अमेरिकन प्राध्यापकाने त्याचा शोध लावला, असे पुस्तकांत लिहितात. पण त्याला वाट दाखवली ती तिथल्याच एका शेतकऱ्याने. आणि वर जाऊन पाहतो तो काय? त्या जुन्या शेतांत काही कुटुंबे आधीपासूनच पीक घेत होती! मग शोध कोणी लावला म्हणायचा?

आठवडे बाजार

पिसाकचा बाजार आम्ही मन भरून पाहिला. बायका डोक्यावर टोपी घालतात. पाठीवर रंगीत कापडाची झोळी, झोळीत कधी मूल तर कधी माल. एक म्हातारी चालता चालता टकळीवर लोकर कातत होती. लाल रंग त्या कशापासून करतात, ठाऊक आहे? निवडुंगावर वाढणाऱ्या एका बारीक किड्यापासून.

आणि बटाटे तरी किती तऱ्हेचे! पिवळे, तांबडे, जांभळे, काळे. बटाटा मूळचा याच पर्वतातला. तेथून तो युरोपात गेला. पुढे पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. अँडीजमध्ये बटाट्याचे हजारो देशी वाण आजही आहेत. तिथले शेतकरी एकाच शेतात अनेक वाण लावतात. एकाला रोग लागला, तरी दुसरा हाती लागतो.

एका पाटीत पांढरे, हलके, दगडासारखे काही दिसले. ताई म्हणाली, "हे काय बाई?" तेही बटाटेच होते! रात्री ते कडक थंडीत पसरतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात. असे वाळवलेले बटाटे वर्षानुवर्षे टिकतात.

दोऱ्यांची वही

एवढे मोठे राज्य. पण इंका लोकांना आपल्यासारखी अक्षरे नव्हती. मग हिशेब कसा ठेवत? दोऱ्यांना गाठी मारून! या दोऱ्यांना 'किपू' म्हणतात. एका जाड दोरीला अनेक दोरे लोंबतात. दोऱ्याच्या खालच्या टोकाला एकंची गाठ, तिच्या वर दहं, त्याच्या वर शतं. समजा, २३५ लिहायचे आहेत. वर दोन गाठी. मध्ये तीन गाठी. खाली पाच वेढ्यांची एक लांब गाठ. झाले २३५! जेथे शून्य, तेथे दोरा मोकळा. कोठारात धान्य किती, गावात माणसे किती, हे सारे अशा गाठींत असे.

पण गाठी वाचणारे लोक थोडे होते. १५३२ साली स्पेन देशाची फौज आली. इंका राजा पकडला गेला, आणि १५३३ साली त्याला ठार मारले. १५८३ साली धर्मगुरूंच्या सभेने किपू नष्ट करण्याचा हुकूम काढला. वाचणारी माणसे गेली, तशी ती विद्याही गेली. आज जगात हजारभर किपू उरले आहेत. त्यांतले आकडे विद्वानांना वाचता येतात. बाकीच्या गाठी काय सांगतात, ते कोणालाच उलगडलेले नाही.

आता नीट विचार करा. ताल घालणे, बी राखणे, लोकर विणणे ही विद्या घरोघरी होती. ती पाचशे वर्षे टिकली. गाठींची विद्या मूठभर लोकांच्या हाती होती. ती बुडाली.

पुढे त्या देशात स्पेनची भाषा आणि स्पेनची अक्षरे आली. पण डोंगरातल्या शेतकऱ्याला ती कोण शिकवणार? त्याची बोली केचुआ. त्यात कायदा असा झाला की, ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला मत नाही. कष्ट त्याचे, पण राज्यकारभारात त्याला तोंड नाही. १९७५ साली केचुआ भाषेला सरकारी मान मिळाला. १९७९ च्या राज्यघटनेने निरक्षरांनाही मताचा हक्क दिला. आपल्या देशात हा हक्क १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून सर्वांना आहे.

मत मिळाले, हे चांगलेच झाले. पण सातबारा, कर्जाचा कागद, दुकानाची पावती हेसुद्धा आपले किपूच आहेत. ते दुसऱ्याने वाचून दाखवले, तर तो सांगेल तेच खरे मानावे लागते. आता तुम्ही वाचू लागला आहात. ही विद्या आपल्यापाशीच ठेवू नका. घरात आणखी एकाला तरी शिकवा.

अभ्यास

१. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून इंका लोक काय करीत?
२. एका शेतात अनेक वाण लावण्याचा फायदा काय?
३. गाठींची विद्या का बुडाली?
४. एक दोरा घ्या. तुमच्या गावातील घरांची संख्या गाठींनी मांडा. मग तीच संख्या वहीत लिहा.