सिंदफणेकाठून समुद्राकडे

माझे वडील, अण्णा, सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात मासे धरतात. मी सागरी जीवशास्त्र शिकले: चार वर्षं रत्नागिरीजवळ शिरगावला, मग दोन वर्षं मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. आमच्या बीडची पोरं-पोरी विचारतात, आपल्याकडून तिथं पोचता येतं का? मला जे कळलं ते सांगते.

१. बारावीला जीवशास्त्र सोडू नका. मत्स्यविज्ञानाच्या पदवीला सीईटीतून प्रवेश मिळतो. शिरगावचं महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरलाही एक आहे. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून नंतर समुद्राकडे वळणारेही बरेच असतात. ‘मासे धरायला डिग्री कशाला?’ असं भावकीत विचारतील. विचारू द्या.

२. घरचं ज्ञान सोबत न्या. अण्णा गिऱ्हाइकासमोर रोहू आणि मृगळ नुसत्या तोंडावरून वेगळे करायचे. ती नजर मला बंदरावर उपयोगी पडली. आमचं बरंचसं काम पहाटे रत्नागिरीतल्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर चालतं: टोपल्यांतले मासे मोजायचे, लांबी घ्यायची, पोट फाडून काय खाल्लंय ते बघायचं. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात आणि त्यांवरून वय काढता येतं. पहिला खडा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्या रात्री अण्णांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “इतकी वर्षं डोकी फेकून दिली की गं.”

३. पंचांग शिका. हे मला कुठल्याच पुस्तकाने आधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी खडपातले, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतले, शंख-शिंपले मोजायला मी एकटीच गेले. हातात चौकट, वही, सगळी तयारी, आणि खडप पाण्याखालीच. कालवं काढणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “अगो, आज अष्टमी. भांगाच्या दिवसांत कसली सुकती मिळणार तुला?” सुकती म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढ-उतार थोडा. त्यांनीच हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. माझ्या आजीला माजलगावात बसून तिथ्या तोंडपाठ होत्या, एकादशी-चतुर्थीच्या उपासांसाठी. तेच गणित खडपावर कामाला येईल असं आम्हा दोघींनाही कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर मी कुठल्याही गावी गेले की आधी कालवं काढणाऱ्या बायकांशी बोलते, मग वही उघडते.

४. पोहायला शिका, विहिरीत का होईना. मला अण्णांनी पाठीला रिकामा डबा बांधून सोडलं होतं. बोट लागते, ते मात्र सोसावंच लागतं. माझी पहिली ट्रॉलरफेरी उलट्यांत गेली. बोटीचे तांडेलकाका म्हणाले, लांब बघ, पायाखाली बघू नकोस. चौथ्या फेरीला मी जाळ्याजवळ उभी होते.

५. दुष्काळ पाहिलाय, हे तुमचं बळ आहे. किनाऱ्यावर मी अनेकांकडून ऐकलं की समुद्र काही संपत नाही. मी २०१६चा उन्हाळा पाहिलाय. मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती, लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, अण्णांचं जाळं ओसरीत गुंडाळून पडलं होतं. पाणी संपतं, मासे संपतात, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. म्हणून बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या, जाळ्यात आलेली पापलेटची पिल्लं टोपलीत दिसली की मला गप्प राहवत नाही. पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. तरी एकदाही अंडी न घातलेला पापलेट आजही बाजारात येतो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा पहिल्यांदा बंदरावर आले. ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन त्यांनी जिभेला लावलं. मग एका टोपलीतला चकाकता मासा उचलून तळहातावर ठेवला. तो बोटांपर्यंतही पोचत नव्हता.

“हे लेकरू हाय,” ते म्हणाले, आणि जाळ्याचा आस किती ते मला विचारू लागले.